कोरम नसला तरी ग्रामसभा होते

बाळा,

तुझा मेसेज वाचला. गावात काहीच बदलत नाही म्हणून वैतागलायस अन् विचारतोस की मतदान तर करतोच, अजून काय करायचं. राग खराय तुझा. पण 1 मे ला ग्रामसभा होती तेव्हा तू गावातच होतास ना?

आपल्याकडं सरपंचाच्या इलेक्शनला पुण्याहून, चाकणहून गाड्या भरून पोरं येतात, बटण दाबतात अन् त्याच रात्री परत. तेच गाव ग्रामसभेला मात्र झेंडावंदन झालं, खाऊ वाटला की पांगतं. शाळेच्या व्हरांड्यात उरतात सरपंच, ग्रामसेवक, चार मेंबर अन् घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव अडलंय ती दोन-तीन माणसं.

आता हे नीट समजून घे, शिकलेल्या पोरांनाही माहीत नसतं. ग्रामसभेला कोरम लागतो, म्हणजे कमीत कमी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. तेवढे नाही आले तर सभा तहकूब, अन् तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला कोरम लागतच नाही! म्हणजे तू घरी बसलास म्हणून ठराव थांबत नाही, तो दहा जणांत होतो अन् कागदावर अख्ख्या गावाची मंजुरी म्हणून नोंदला जातो, त्यात तुझीपण आली. एका गावचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, मी बघितलंय, सह्या आधीच घरोघर फिरून घेतलेल्या अन् ठराव नंतर लिहिलेला, खाली खाली अक्षर बारीक होत गेलेलं कारण सह्यांच्या वर जागाच उरली नव्हती.

अन् विषय काय किरकोळ असतात का? घरकुलाचे लाभार्थी, विकास आराखडा, वित्त आयोगाचा पैसा. 15व्या वित्त आयोगात 60 टक्के रक्कम बंधित होती, पाणी अन् स्वच्छतेसाठीच. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या आपल्या गावांत तिचा हिशोब कितीजणांनी मागितला?

गावाच्या वरचंही तसंच बघ. संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल 2020 ला संपली, मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मार्च 2022 ला, अन् पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. आरक्षण, वॉर्डरचना, कोर्ट, कारणं होती, पण आपला मेंबरच नाही याचं गल्लीत कुणाला फारसं काही वाटलं नाही, ते मला जास्त लागलं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, आपल्या माणसांनी पेटीत मत टाकलं ते 1952 ला, अन् आता आपणच म्हणायलोत की वरचे बघून घेतील.

सगळं गाव सुधारायला निघू नको. एकच विषय धर, पाण्याचा. उठून एवढंच म्हण, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा. पटलं नाही तर माझा विरोध नोंदवा म्हण, अन् लिहिलेलं वाचूनच सही कर. कोऱ्या पानावर सही नाही म्हणजे नाही, भावकीतलं कुणी आग्रह केला तरी. हेच सगळ्यात अवघड जातं, सरपंच चुलता असतो अन् लग्नकार्यात तोंडं बघायची असतात, तरी कर. कागद दाखवत नसतील तर 10 रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आईला अन् वहिनीला महिला सभेला पाठव, ती ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते अन् पाण्याचं त्यांच्याइतकं कुणाला कळतंय.

15 ऑगस्टच्या सभेची नोटीस बोर्डावर लागली की फोटो काढून पाठव, विषय बघून काय विचारायचं ते फोनवर ठरवू. एकटा उठू नको, दोघं-तिघं सोबत घे.

तुझा काका