माहिती सुरक्षा धोरण आणि आयटी बंद पडल्यावरचा प्लॅन टेम्पलेटवरून भरून दिला तर चालतं का?

तुमचं असं आहे की कंपनी साठेक माणसांची, एका मोठ्या क्लायंटने माहिती सुरक्षा धोरण आणि बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन (म्हणजे आयटी बंद पडल्यावर काम कसं चालू ठेवायचं तो प्लॅन) मागितलाय, नेटवरचं टेम्पलेट भरून दिलं तर भागेल का आणि आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचं सर्टिफिकेट) घ्यावं का. धोरणासाठी टेम्पलेट बिनधास्त घ्या. कोणाला कशाचा अ‍ॅक्सेस, लॅपटॉप हरवला तर काय, माणूस सोडून गेला की त्याचं अकाउंट कोण बंद करणार, हे सगळीकडे साधारण सारखंच असतं, फक्त जे तुम्ही करत नाही ती वाक्यं काढून टाका, कारण क्लायंटचा माणूस नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवून पुरावा मागतो.

प्लॅन मात्र टेम्पलेटवरून होत नाही. आणि मी एवढं लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे, की 'सगळं डॉक्युमेंटेशन शेअर्ड ड्राइव्हवर ठेवणार आहोत, प्रिंट वगैरे काही नाही'. हे वाक्य मी आधी ऐकलंय, अगदी याच शब्दांत.

मी सिस्टम अ‍ॅडमिन आहे. आधीच्या कंपनीत माझ्याकडे एक बॉक्स फाइल होती. तिच्यात फायरवॉलचा आणि दोन्ही होस्टचा (ज्या मशीनवर आमचे सगळे सर्व्हर चालायचे) लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड, डोमेन कंट्रोलरचा (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) रिस्टोअर मोडचा पासवर्ड आणि बॅकअपचा एन्क्रिप्शन पासफ्रेज, प्रत्येकाचं वेगळं बंद पाकीट, जोडावर सही आणि तारीख. शिवाय इंटरनेट लाइनचा सर्किट आयडी, सॉफ्टवेअरवाल्यांचे सपोर्ट नंबर आणि कॉन्ट्रॅक्ट नंबर, सगळ्या टीमचे मोबाइल, आणि एक पान ज्यावर फक्त क्रम होता, काय आधी चालू करायचं आणि काय नंतर. एवढंच.

सर्टिफिकेशनची तयारी सुरू झाली तेव्हा बाहेरून एक सल्लागार आणले होते, त्यांनी ती फाइल बघितली आणि भर मीटिंगमध्ये म्हणाले की पासवर्ड कागदावर म्हणजे थेट नॉन-कन्फॉर्मिटी (स्टँडर्ड मोडल्याचा शेरा), हे आजच्या आज श्रेडरमध्ये गेलं पाहिजे, सगळं व्हॉल्टमध्ये (पासवर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि विकीवर (कंपनीची आतली माहितीची साइट) टाका. मी विचारलं की व्हॉल्ट कुठे चालतो? आपल्याच होस्टवर. विकी? आपल्याच होस्टवर. मग होस्टच गेला तर? त्यावर उत्तर मिळालं की त्यासाठी बॅकअप आहे ना. ऑपरेशन्सच्या साहेबांनी मान डोलावली आणि मिनिट्समध्ये लिहिलं गेलं की आयटी टीमचा बदलाला विरोध आहे. मी डायरेक्टर मॅडमकडे गेले, त्यांना दोन मिनिटांत पटलं, मला मेलवर लेखी परवानगी दिली आणि फाइल त्यांच्या केबिनमधल्या तिजोरीत गेली. ऑडिटच्या कागदपत्रांत ती नव्हतीच.

पुढच्या वर्षी एका व्हेंडरच्या रिमोट अकाउंटवरून, ज्याला एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाइलवरची दुसरी खातरजमा, नव्हतं (मी दोनदा लिहून दिलं होतं, व्हेंडरला गैरसोय होते म्हणून राहिलं), कोणीतरी आत शिरलं आणि रात्रीतून दोन्ही होस्टवरच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीनच्या (म्हणजे आमच्या सगळ्या सर्व्हरच्या) फाइली एन्क्रिप्ट करून टाकल्या. सकाळी लोक लॉगिन करताहेत, होत नाही, मी कन्सोल उघडून बघते तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट आणि फोल्डरमध्ये खंडणीची टेक्स्ट फाइल. आता बघा काय काय गेलं. डोमेन कंट्रोलर गेला म्हणजे लॉगिन गेलं. मेल क्लाउडवर होती, पण तिचं लॉगिन आमच्याच एडीकडून (डोमेन कंट्रोलरवरची अकाउंटची यादी) व्हायचं, म्हणजे मेल जिवंत असून आम्हाला उघडता येईना. टेबलावरचे फोन आयपीवरचे, त्यांचा सर्व्हरही तिथलाच, ते बंद. कोणाचा मोबाइल नंबर हवा तर डिरेक्टरी इंट्रानेटवर. प्लॅन? पन्नासेक पानांचा सुंदर प्लॅन होता, सल्लागारांनी बनवलेला, विकीवर.

पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते पुढे. बॅकअपची एक ऑफलाइन डिस्क होती, डोमेनशी न जोडलेली, ती वाचली होती. एका कोऱ्या लॅपटॉपवर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं, डिस्क लावली, फाइली दिसल्या, इम्पोर्ट म्हटलं आणि स्क्रीनवर छोटीशी चौकट आली, एन्क्रिप्शन पासवर्ड टाका. खाली पासफ्रेजचा हिंट होता आणि हिंटमध्ये लिहिलेलं 'व्हॉल्ट बघा'. ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले, मग व्हॉल्टमधून घ्या की. व्हॉल्ट त्या बॅकअपच्या आत होता. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून वरून लॅच लावलेलं. ज्यांनी फाइल श्रेड करायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी एकालाही त्या क्षणापर्यंत हे लक्षात आलं नव्हतं, आणि मी हेच वर्षभर आधी मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

मॅडमनी तिजोरीतून फाइल आणली, सगळ्यांसमोर पाकीट फाडलं, पासफ्रेज टाकला, आणि रिस्टोअर सुरू झालं. क्रमाचं पान भिंतीवर चिकटवलं. आधी बाहेरचं नेटवर्क तोडायचं, फायरवॉलवर लोकल लॉगिनने शिरून सगळे रिमोट अ‍ॅक्सेस बंद करायचे, मग कोरा होस्ट, मग डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारं), मग डेटाबेस, मग त्यावरचं अ‍ॅप्लिकेशन, फाइल सर्व्हर त्याच्यानंतर, आणि प्रिंटर कितीही कोणी ओरडलं तरी शेवटी. हा क्रम चुकला की अ‍ॅप्लिकेशन उठतं, डेटाबेस शोधतं, नाव रिझॉल्व्ह होत नाही, पडतं, आणि मग माणसं नसलेला बिघाड शोधत बसतात. अ‍ॅप्लिकेशनचं लायसन्स जुन्या हार्डवेअरला बांधलेलं होतं, नव्या होस्टवर ते चालेना, तिथे घोडं अडलंच असतं, पण कॉन्ट्रॅक्ट नंबर फाइलमध्ये होता म्हणून फोनवर पाच मिनिटांत नवी की मिळाली. मेल उघडत नसताना 'तुमच्या रजिस्टर्ड मेलवरून रिक्वेस्ट टाका' ऐकायला मिळालं की काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

नंतरच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य आलं, की कंपनीची दस्तऐवजीकृत रिकव्हरी प्रक्रिया परिणामकारक ठरली. कुठली प्रक्रिया, कुठला दस्तऐवज, फाइल कुठून आली, एक अक्षर नाही. मला शाबासकी नको होती. पण पुढच्या ऑडिटला तेच सल्लागार परत आले आणि तीच सूचना परत लिहिली गेली, याची तिडीक अजून डोक्यातून गेलेली नाही.

आणि 'ही जुनी पद्धत झाली, मोठ्या कंपन्या असं करत नाहीत' हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जवळजवळ सहा तास जगभर बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं आतलं नेटवर्क तुटलं, त्यामागोमाग डीएनएस नेटवरून दिसेनासं झालं, आणि दुरुस्तीची त्यांची आतली टूल्सही त्याच नेटवर्कवर असल्याने तीही गेली. इंजिनियर प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावे लागले आणि आत शिरून मशीनवर काम सुरू करायलाही वेळ गेला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका खराब अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशीन पडल्या. दुरुस्ती सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची, पण डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि ज्यांच्या की ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरच निळ्या स्क्रीनवर, ते काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता स्टँडर्डचं बघू, कारण सल्लागार नेहमी त्याच्याच नावाने गप्प बसवतात. आयएसओ २७००१ मध्ये कुठेही कागद वर्ज्य नाही. ७.५.२ हे कलम उघडा, दस्तऐवज कोणत्या माध्यमात असावा याची उदाहरणंच तिथे कागद आणि इलेक्ट्रॉनिक अशी दिलेली आहेत. जे मागितलंय ते हे, की माहिती ज्याला हवी त्याला हवी तेव्हा मिळाली पाहिजे आणि नको त्याच्या हाती पडता कामा नये. २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल (सुरक्षेचे उपाय) आहेत, त्यातला ५.३० हा नवा आलेला कंट्रोल आयटी बंद पडल्यावरच्या तयारीवरच आहे, आणि ८.१३ बॅकअपवर, त्यात बॅकअप नियमितपणे तपासलेही पाहिजेत असं आहे. बंद पाकीट, सही, तारीख, तिजोरी, उघडल्याची नोंद, हा रीतसर कंट्रोल आहे. मी तेव्हा हे कलम मीटिंगमध्ये घेऊन गेले असते तरी ऐकलं गेलं असतं का माहीत नाही, पण तुम्ही घेऊन जा.

तर तुमचा प्लॅन. कागद घ्या, सर्व्हर बंद आहे असं धरून चाला, आणि प्रत्येक पायरीला विचारा की हे मला कुठून मिळणार. पासवर्ड कुठून, नंबर कुठून, हे पान कुठून. जिथे उत्तर 'त्याच सर्व्हरवरून' येतं तिथे तुमचा प्लॅन संपला. मग प्रत्येक कामासाठी दोन आकडे ठरवा, किती वेळ बंद चालेल आणि किती वेळेचा डेटा गेलेला चालेल, आणि ते आयटीने ठरवायचे नाहीत, अकाउंट्सला, डिस्पॅचला, ज्यांचं काम थांबतं त्यांना विचारायचे. टेम्पलेटमध्ये आरटीओ (त्यातला पहिला आकडा, किती वेळ बंद चालेल) चार तास छापलेलं असतं आणि लोक तसंच ठेवतात. तुमचा डेटाबेस डिस्कवरून नुसता कॉपी व्हायलाच नऊ तास लागत असतील तर त्या चार तासांना काय अर्थ आहे?

हे कळायला खरंखुरं रिस्टोअर करून बघावं लागतं. 'सक्सेसफुल' मेलवर विसंबू नका आणि मेल येत नाही म्हणजे ठीक आहे असंही समजू नका. गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय. चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा डिलीट झाला, बॅकअप बघायला गेले तर ठेवायच्या जागी काहीच नाही, कारण बॅकअपचं टूल आणि डेटाबेस यांच्या व्हर्जनचा मेळ नव्हता म्हणून जॉब फेल होत होता, आणि फेल झाल्याच्या मेल डीमार्कमध्ये (मेल खरी की बनावट ते तपासणारी यंत्रणा) अडकून कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. एका इंजिनियरने दुसऱ्याच कामासाठी सहाएक तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. ते लोक हुशार होते. रिस्टोअर करून बघितलेलं नव्हतं, एवढंच.

काही गोष्टी राहिल्या. फाइलने हल्ला थांबत नाही, आमचाही थांबला नाही. रिमोट अ‍ॅक्सेसला एमएफए, व्हेंडरची अकाउंट काम संपलं की बंद, बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली, हे नसेल तर पाकिटं करून उपयोग नाही. फाइल जुनी झाली तर ती धोकादायक आहे, कारण माणूस घाईत तिच्यावर विश्वास ठेवतो, म्हणून पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीट बदलायचं, आणि एकदा फोडलं की तो पासवर्ड लगेच बाद. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतीत, कारण आग लागली तर तिजोरीचं दारही उघडता येणार नाही. एमएफएचे रिकव्हरी कोड विसरू नका, ज्याच्या मोबाइलवर ते अ‍ॅप आहे तो माणूस सुट्टीवर असतो. आणि रॅन्समवेअर असेल तर घाईघाईत सगळं फॉरमॅट करू नका, एन्क्रिप्ट झालेल्या डिस्क बाजूला काढून ठेवा, ते कुठून शिरले ते शोधायला लागतात, नाहीतर त्याच दारातून परत येतात.

सर्टिफिकेट क्लायंटने कॉन्ट्रॅक्टमध्येच मागितलं असेल तर घ्यावंच लागेल, नुसता फॉर्म भरून द्यायचा असेल तर थांबा, आधी एक रिस्टोअर करा आणि त्याची तारीख, लागलेला वेळ आणि काय काय अडलं ते फॉर्मसोबत द्या, समजदार क्लायंट त्याला जास्त किंमत देतो. खर्चाचं मला विचारू नका, ते तुमच्या स्कोपवर आहे. सल्लागार नेमायचे असतील तर पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांना विचारा, होस्ट बंद असताना तुमचा प्लॅन मी कुठून उघडू, आणि उत्तर 'त्यासाठी बॅकअप आहे ना' असं आलं तर दुसरा सल्लागार बघा.