सौर चार्ज कंट्रोलर: दुकानात जाण्याआधी पॅनलची पाठ वाचा

प्रश्न (यावल तालुका): केळीच्या मळ्यात ३३० वॉटचं एक पॅनल आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास क्षमतेची) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. त्यावर कुंपणाचं झटका मशीन, खोलीतले दिवे आणि डीसी पंखा चालतो. दुकानातून सातशे रुपयांत ३० अँपिअरचा ‘एमपीपीटी’ कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा, चार्जिंग सांभाळणारा डबा) आणला. बॅटरी भरतच नाही. दुकानदार म्हणतो, अजून एक पॅनल लावा. लावू का?

उत्तर: नका लावू. एमपीपीटी म्हणजे पॅनलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलून बॅटरीत घालणारा कंट्रोलर; तो सातशे रुपयांत येत नाही. डब्यावर एमपीपीटी छापलंय, आत साधा पीडब्ल्यूएम आहे. यावल-रावेर पट्ट्यात हा डबा मळ्यामळ्यात दिसतो.

पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. तुमचं पॅनल ३७ व्होल्टला साधारण ९ अँपिअर देणारं. बॅटरी १३ व्होल्टवर असली की ९ गुणिले १३, म्हणजे ११७ वॉट हाती आले. बाकी दोनशेच्या वर वॉट गेले. दुसरं पॅनल लावलं तर त्याचीही तीच गत. दुकानदाराचं पॅनल तेवढं खपेल.

खरं-खोटं शेतातच कळतं. भर दुपारी, बॅटरी अर्धी उतरलेली असताना डीसी क्लॅम्प मीटर लावा. (वायरमनकडचा साधा क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो, तो चालत नाही.) पॅनलकडून येणारा करंट आणि बॅटरीत जाणारा करंट सारखाच दिसला, तर पीडब्ल्यूएम. खरा एमपीपीटी तुमच्या या जोडणीत बॅटरीकडे दुपटीहून जास्त करंट दाखवेल.

आता खरा एमपीपीटी किती अँपिअरचा घ्यायचा, त्याचं माप. एमपीपीटीसाठी पॅनलचे वॉट भागिले बॅटरीचं व्होल्टेज: ३३० भागिले १२, म्हणजे २७.५ अँपिअर. वर पाव हिस्सा धरा, ३४ होतात. बाजारात ४० चा मिळतो, तो घ्या. पीडब्ल्यूएमचं गणित वेगळं: पॅनलची आयएससी (पॅनलच्या पाठीवर लिहिलेला शॉर्ट सर्किट करंट) गुणिले सव्वा. पण पीडब्ल्यूएम ३६ सेलच्या, १८ व्होल्टच्या पॅनललाच लावा. मोठ्या पॅनलला लावू नका.

आणि एक आग्रह, जो मी सगळ्यांना करतो: झटका मशीनचा संच वेगळा ठेवा. ४० वॉटचं छोटं पॅनल, स्वतःची छोटी बॅटरी, १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम. तिथे एमपीपीटीवर पैसे घालू नका. एकाच बॅटरीवर पंखा रात्रभर फिरला की पहाटे कुंपण मेलेलं असतं, आणि रानडुकरं पहाटेच येतात.

प्रश्न (शिरपूर तालुका): ५४० वॉटची दोन पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज), २४ व्होल्टची बॅटरी (१५० एएचच्या दोन), जास्तीत जास्त १०० व्होल्ट झेलणारा एमपीपीटी. मे महिन्यात बसवला, व्यवस्थित चालला. जानेवारीत एका सकाळी कंट्रोलर जळाला. वॉरंटी नाकारली. असं का?

उत्तर: कारण जोडणाऱ्याने मे महिन्यात मीटर लावला आणि त्यावर विसंबला. पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं, गारठलं की चढतं. या पॅनलची व्हीओसी (पाठीवर लिहिलेलं, काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज) ४९.५ च्या आसपास असते, दोन सिरीजमध्ये ९९. ती २५ अंशांवरची. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांना तापतं, तेव्हा मीटर ८८ दाखवतो आणि डीलर म्हणतो, ‘काही व्हत नही, १०० नं चाली जाई.’ जानेवारीत सहा-सात अंशांच्या पहाटेनंतर पहिलं ऊन पडलं की तेच १०४ च्या पुढे जातं. आपल्याकडे ४४ अंशांचा मे आणि एक आकडी जानेवारी, दोन्ही आहेत. हिशोब जानेवारीचा करायचा. व्हीओसीची बेरीज करा, वर १० टक्के धरा, त्याहून मोठ्या व्होल्टचा कंट्रोलर घ्या. अँपिअर थोडे कमी पडले तर चांगला कंट्रोलर स्वतःला आवरतो. व्होल्ट ओलांडले तर तो जळतोच.

तुमची दोन्ही पॅनल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करा. एका पॅनलचे चालतानाचे ४१ व्होल्ट २४ च्या बॅटरीला पुरतात. वायर मात्र जाड टाका आणि एमसीबी (करंट वाढला की आपोआप तुटणारा स्विच) डीसीचाच लावा.

दुसरी चूक कुणी सांगितली नसेल. १०८० वॉट भागिले २४, म्हणजे ४५ अँपिअर. पाव हिस्सा धरून ६० चा कंट्रोलर बसतो, पण १५० एएचच्या बॅटरीला ४५ अँपिअर म्हणजे दुप्पट युरिया. तिला १५ उत्तम, ३० ही हद्द. नवीन कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा ३० वर बांधा. ‘लवकर भरते’ म्हणून डीलर १२ च्या बॅटरीचं व्होल्टेज १५ वर नेऊन देतात. करू देऊ नका. ट्यूब्युलरला भरताना १४.४, भरल्यावर १३.६. २४ ला दुप्पट. बॅटरीजवळ तापमानाचा सेन्सर हवाच. मे महिन्यात १४.४ चे १४.१ तोच करतो. सेन्सर नसेल तर हाताने कमी करा, नाहीतर पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतील. लिथियम बॅटरी घ्याल तर तिची सेटिंग वेगळी. ट्यूब्युलरची सेटिंग तिच्यावर चालवू नका.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. उलटं केलं की कंट्रोलर जाऊ शकतो आणि डीलर ‘वीज पडली’ म्हणतो.

प्रश्न (शहादा तालुका): अनुदानाच्या सौर पंपाच्या कंट्रोलरला बॅटरी जोडता येईल का?

उत्तर: नाही. तो चार्ज कंट्रोलर नाही, मोटर चालवणारा ड्राइव्ह आहे. त्याला बॅटरी लागत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या अनुदान योजनेत तुमचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे. दुकानदाराला डबा उघडू दिलात, तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून.