सेकंडहँड सेडान घेताय? आधी पुराचं विचारा

प्रश्न (कारेलीबाग): 2017 ची होंडा सिटी पेट्रोल बघितली, चकाचक आहे आणि भाव बाजारापेक्षा बराच कमी. ऑगस्ट 2024 च्या पुरात बुडालेली असेल का, कसं ओळखायचं?

बडोद्यात एवढी स्वस्त सिटी म्हटली की मला पण आधी विश्वामित्री नदीचा पूरच आठवतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचा, अगदी शेवटपर्यंत. रोजच्या वापरात तो तेवढा बाहेर येतच नाही, त्यामुळे शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते, धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. मग सीट पुढेमागे सरकवून खालचे रूळ बघा, रूळ गंजलेले आणि नट मात्र कोरे करकरीत असतील तर सीट काढून कार्पेट धुतलंय समजा. स्टेपनी उचलून खाली बोट फिरवा, गाळ लागतो का बघा. आत सेंटचा घमघमाट असेल तर काचा लावून, एसी न लावता दहा मिनिटं उन्हात बसा, कुबट वास वर येतोच.

मालकाकडून पुराआधीची आणि नंतरची अशा दोन्ही विमा पॉलिस्या मागा. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) झीरो होतो, म्हणजे आधी 50 टक्के आणि नंतर एकदम झीरो दिसला तर क्लेम कशाचा होता ते सरळ विचारा. तो अडखळला तर उठा. पाणी शिरल्यावर कुणी सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पण इंजिनाचं तरी बऱ्याचदा आवाजावरून कळतं हो, खरा ताप वायरिंगचा. कनेक्टर आतून हळूहळू हिरवे पडतात, आज एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा, चार महिन्यांनी पॉवर विंडो, मग एअरबॅगचा दिवा, आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियन नवीनच कारण सांगणार. असली गाडी मी फुकट पण घेणार नाही.

प्रश्न (मांजलपूर): सियाझ डिझेल, 1 लाख 20 हजार किलोमीटर. इंजिन संपलं का?

छे! ते 1.3 चं फियाटवालं इंजिन, टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा (आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा), चेनची खडखड आणि धूर बघा, क्लच जड लागतो का बघा. हेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमधे पण होतं म्हणून 2020 मधे बंद झालं तरी पार्टची ओरड नाही. एवढं रनिंग खरं सांगणारा मालक मला 40 हजार किलोमीटर सांगणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

प्रश्न (फतेगंज): व्हेंटो टीएसआय ऑटोमॅटिक घेऊ का? चालवायला मजा येते.

मजा येतेच, त्याबद्दल वाद नाही! पण 1.2 टीएसआयच्या त्या 7 स्पीड डीएसजी गिअरबॉक्समधे ड्राय (तेलात न बुडलेला) क्लच आहे, मांडवीच्या गर्दीत सारखं थांब-चल केलं की तापतो, आणि मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. अर्धा तास ट्रॅफिकमधे फिरवून मग टेस्ट घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरली तर सोडा. तेवढे पैसे बाजूला ठेवायची तयारी नसेल तर मॅन्युअल बघा.

प्रश्न (समा): दिल्लीची डिझेल वेर्ना, नऊ वर्षांची, फार स्वस्त मिळतेय.

दिल्लीत डिझेलला 10 वर्षांची मर्यादा लावली होती, म्हणून तिकडचे लोक काढून टाकत आलेत, गाडी वाईटच असेल असं नाही. पण आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात घ्या, लोन असेल तर बँकेची पण, आणि गुजरातचा रोड टॅक्स किती बसेल ते इथल्या आरटीओत विचारा. तो भावात मिळवून बघा, बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.