गेमसाठी की कामासाठी? आधी हे ठरव

दुकानात जाऊन "दोन्हीला चालेल असा पीसी द्या" म्हणू नकोस. रोजचं काम नेमकं काय, ते सांग. बेळगावातल्या उद्यमबागच्या वर्कशॉपसाठी ड्रॉइंग करायची असतील तर पैसे आधी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीत घाल. रविवारी तासभर साधे गेम खेळायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे, पण ते रॅममधलीच मेमरी वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी नको, ८ जीबीच्या दोन घे आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीच्या खाचांतच बसव. एका पट्टीवर गेम अडखळतात, आणि दोष उगाच प्रोसेसरला जातो. नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाशिवाय घेतलास तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही.

खानापूरकडे राहत असशील तर पावसाळ्यासाठी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर पीसी थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी, घेच की. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. टॅली, ड्रॉइंगला तेवढा पुरे. मोठं कार्ड पूर्ण जोरात चालू असताना वीज गेली तर तोही लगेच बंद पडतो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र काटकसर अजिबात नको.