एच-वन-बीवर आहात, मग मित्राचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावू नका

डॅलसहून एका वाचकाने विचारलंय, की ऑक्टोबरात ऑफिसातल्या मित्रांसोबत मोंटानाला जायचंय, एल्कची (मोठ्या हरणाची) शिकार मित्र करणार, हे नुसते सोबत, पण तिकडे ग्रिझली अस्वलं आहेत म्हणून कमरेला .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बरं की १० एमएमचं पिस्तूल? मित्र म्हणतो माझ्याकडे एक्स्ट्रा आहे तेच लाव, कोण विचारतंय. व्हिसा एच-वन-बी.

कॅलिबरचं, म्हणजे कुठल्या मापाची गोळी याचं, थोडं थांबा हो, तुमची खरी अडचण "नुसते सोबत" या दोन शब्दांत आहे. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यात, कलम ९२२ मध्ये, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळीसुद्धा बाळगता येत नाही. यातून सुटायला तुमच्यासाठी सोपी वाट एकच, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. शिकार करणार नाही म्हणून तुम्ही ते काढलंच नाही, म्हणजे मित्राचं रिव्हॉल्व्हर कमरेला लागलं की गुन्हा झाला. मोंटानात परमिटशिवाय बंदूक जवळ बाळगलेली चालते हे खरं, पण तो झाला राज्याचा कायदा, फेडरल बंदी त्याने उठत नाही. २०२२ पासून याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, माहीत असून देणारा मित्रही अडकतो, आणि तुम्हाला शिक्षा झाली तर डिपोर्टेशन. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं हे असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा आधी टेक्सासचं लायसन्स काढा, मग कशालाही हात लावा, शूटिंग रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेल्या पिस्तुलालासुद्धा. हे लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. रिन्यू करायला विसरलात आणि पिस्तूल घरात असलं तर १ सप्टेंबरपासून तुम्ही पुन्हा बंदीत. बायको एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या तात्पुरत्या व्हिसावर) असेल तर तिजोरीची चावी तिच्याकडे ठेवू नका, ताबा तिचाही धरला जाऊ शकतो.

विकत घ्यायचं तर टेक्सासमध्येच डीलरकडून, दुसऱ्या राज्यातला डीलर तुम्हाला हँडगन देऊ शकत नाही, आणि मित्राला तुमच्यासाठी घ्यायला लावणं हा वेगळाच गुन्हा. विमानात पिस्तूल न्यायचं ते रिकामं, कुलूपबंद कडक केसमध्ये, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून.

आता कॅलिबर. दोन्ही चालतात, पण .४४ चा धक्का नवख्या हाताला सोसत नाही, दुसरी गोळी कुठे जाईल नेम नाही. तुम्ही आजवर किती गोळ्या झाडल्यात ते लिहिलेलं नाही म्हणून मी बेअर स्प्रेच (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) आधी सांगेन, त्याला लायसन्स लागत नाही, फक्त तो विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तिकडे उतरल्यावर घ्या. आणि एल्क पडल्यावर, तो सोलताना, एकाने नुसतं आजूबाजूला बघत उभं राहायचं, ते काम तुम्ही घ्या, रक्ताच्या वासाने अस्वल येतं ते तेव्हाच.

आणि देव न करो, ग्रिझलीवर गोळी झाडावी लागली तर, ती १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवायला मारलं तर चालतं, पण ५ दिवसांच्या आत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला (केंद्राच्या वन्यजीव खात्याला) कळवावं लागतं. नखं-कातडं काही उचलू नका, जागा आहे तशी ठेवा, फोटो काढा, आणि जबाब द्यायच्या आधी क्रिमिनल आणि इमिग्रेशन दोन्ही वकिलांना फोन करा.