त्रयी, त्रिकूट आणि तिघी

कोल्हापुरातील एका शाळेच्या स्मरणिकेचे काम पाहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी विचारले आहे की, यंदा एकाच वेळी निवृत्त होणाऱ्या गणिताच्या, मराठीच्या आणि चित्रकलेच्या बाईंवरील लेखाला ‘आमच्या शाळेचे त्रिकूट’ असा मथळा शोभेल का, की तेथे ‘त्रयी’ हवे. मधल्या सुट्टीत या तिघींचे डबे नेहमी एकाच टेबलावर उघडत आणि मुली त्यांना प्रेमाने त्रिकूटच म्हणत, असेही त्यांनी कळवले आहे.

‘त्रयी’ हे ‘त्रय’ या संस्कृत शब्दाचे स्त्रीलिंगी रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘तीन अवयव असलेली’ असा आहे. म्हणजे नुसत्या तीन वस्तू जवळ ठेवल्याने त्रयी होत नाही, त्या एकाच वस्तूची अंगे असाव्या लागतात. ऋग्वेद, यजुर्वेद आणि सामवेद मिळून होणाऱ्या वेदविद्येला पूर्वी नुसते ‘त्रयी’ म्हणत. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि भगवद्गीता यांची प्रस्थानत्रयी आणि चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांची बृहत्त्रयीही अशीच, त्यातले एक काढले तर नावच उरत नाही. अंबाबाईच्या देवळात मध्ये महालक्ष्मी आणि दोन बाजूंना महाकाली व महासरस्वती आहेत. त्यांना देवीत्रयी म्हणताना हाच एकपणा मनात असतो.

‘त्रय’ या रूपाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन ताप म्हणजे तापत्रय, आणि दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी प्रत्येकाला एकेक समास दिला आहे. तोच शब्द आपण घरात “कशाला हे नसते तापत्रय?” असा वापरतो, तेव्हा कोणीही तीन मोजत नाही.

‘त्रिकूट’ मुळात तीन शिखरांचा पर्वत. लंका अशाच पर्वतावर वसल्याचे रामायणात वर्णन आहे. मात्र ‘कूट’ याचे शिखराखेरीज कोडे आणि कपट असेही अर्थ आहेत, ते ‘कूटप्रश्न’ आणि ‘कूटनीती’ या शब्दांत आपल्याला रोज भेटतात. मला वाटते, माणसांच्या त्रिकूटाला संगनमताची जी छटा चिकटली आहे तिला हे अर्थ पोषकच ठरले असावेत. ‘दुचाकी चोरणारे त्रिकूट जेरबंद’ असा मथळा आपण वर्तमानपत्रात सहज वाचतो, तेथे ‘त्रयी’ कोणी लिहिणार नाही. गणितात मात्र या शब्दाला कसलाही डाग नाही. 3, 4, 5 हे पायथागोरसचे त्रिकूट शाळेतली मुले निर्मळ मनाने पाठ करतात. विज्ञानात लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्यासारख्या गटाला डोबरायनरचे ‘त्रिक’ म्हणतात.

‘तिकडी’ हा ‘चौकडी’च्या धर्तीचा शब्द खेळाच्या पानावर शोभतो. कोल्हापुरातल्या पापाची तिकटी आणि माळकर तिकटी या ठिकाणांच्या नावांतली ‘तिकटी’ मात्र तीन रस्ते मिळतात त्या जागेची आहे. कोकणात तिलाच तिठा म्हणतात. ती माणसांना लावायची नाही.

मुलींच्या तोंडी ‘त्रिकूट’ गोड वाटते, कारण बोलण्यातला जिव्हाळा शब्दाची छटा झाकतो. छापील मथळ्याला तो आवाज नसतो, आणि बाईंना न ओळखणारा वाचक स्मरणिका उघडील तेव्हा त्याला शब्दच दिसेल. म्हणून मथळ्यात ‘त्रिकूट’ नको. मुली तसे म्हणत, ही आठवण लेखाच्या आत जरूर सांगावी. ‘त्रयी’ चुकीचे नाही, पण तिघींनी मिळून शाळेत एखादे काम उभे केले असेल तरच ते पूर्णपणे खरे ठरेल. तसे लिहायचे झाल्यास ‘तीन शिक्षिकांची त्रयी’ ही पुनरुक्ती टाळावी आणि क्रियापद एकवचनी ठेवावे : ‘ही त्रयी निवृत्त होत आहे.’

माझी स्वतःची पसंती मराठीच्या घरच्या शब्दाला आहे. ‘तीन बाई’ ही नुसती मोजणी झाली. ‘तिघी’ म्हटले की माणसे, स्त्रिया आणि सोबत या तिन्ही गोष्टी दोन अक्षरांत येतात. मथळा ‘आमच्या तिघी बाई’ असा द्यावा.