टायमिंग गिअर पहिल्यांदा बसवताना
घाई केली नाहीत तर हे काम तुम्हाला नक्की जमेल. टायमिंग गिअर क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो आणि हा मेळ दातांवरच टिकतो, म्हणून एक दात जरी चुकला तरी व्हॉल्व्हची वेळ बिघडते आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो.

गिअर काढण्यापूर्वीच दातांवरच्या खुणा रॉकेलने स्वच्छ करून, जुळवून, फोटो काढून ठेवा. बसवून झाल्यावर स्टार्टरला हात न लावता पान्याने क्रँक चालत्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडला तर जोर लावू नका, कारण शोधा.

दोन गिअरच्या मध्ये आयडलर, म्हणजे फिरणे पुढे पोचवणारा जोडगिअर, असल्यास दोन फेऱ्यांनंतर त्याच्यावरच्या खुणा बहुधा पुन्हा जुळत नाहीत. हे स्वाभाविक आहे. नवशिके नेमके इथेच घाबरून बरोबर बसवलेले गिअर पुन्हा उतरवतात. बॅकलॅशचा, म्हणजे जुळलेल्या दातांमधल्या मोकळ्या जागेचा, विषय गिअर बसल्यावर घेऊ.